बाहेरून कडी नसलेले घर

आमच्या गिरगावातल्या वाडीत तळमजल्यावरच्या शेवटच्या बिऱ्हाडात शिरले की समोरच्या भिंतीवर एक चौकट दिसे. नवखा माणूस सवयीने हात जोडी. मग जवळ जाऊन पाही, तर चौकटीत देव नसे, म्युनिसिपालिटीचा परवाना असे. टाइप केलेल्या अटी, खाली सही-शिक्का, आणि सगळ्यात शेवटी शाईच्या पेनाने लिहिलेली एक जादा ओळ.

"जोडू द्या हात," सिस्टर म्हणत. "देवाला एवढे खेटे घातले असते तर तोही कंटाळून प्रसन्न झाला असता."

सिस्टरांना जाऊन आज तीन आठवडे झाले. मी सावकाश लिहिणारा माणूस. आयुष्य वाचनालयात, दुसऱ्यांच्या पुस्तकांना कव्हरे घालण्यात गेले. रोज चार ओळी लिहितो, दोन खोडतो. उरलेल्या दोन दोन जमवून हे झाले आहे.

त्यांचे नाव मनोरमाबाई. मुंबईतल्या जुन्या प्रभू घराण्यातल्या. आजोबांच्या वेळी निम्मी वाडी त्यांचीच होती म्हणतात. त्यांच्या वाट्याला तीन खोल्या आणि मागचे अंगण तेवढे उरले होते. परळच्या एका इस्पितळात त्यांनी उमेदीची सगळी वर्षे नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर, ज्यांच्या मागेपुढे कोणी नाही अशी म्हातारी माणसे त्या तीन खोल्यांत आणून सांभाळू लागल्या. माझी खोली त्यांच्या बरोब्बर वर होती.

नेसणे कायम पांढरे पातळ. छातीवर पिनेने उलटे अडकवलेले घड्याळ, नाडी पाहताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. आंघोळीचे पाणी त्या कोपर बुडवून पाहत; हाताची बोटे खोटे बोलतात, असे त्यांचे म्हणणे. नवीन माणूस येणार असले की आदल्या दिवशी त्या स्वतः त्या खाटेवर तासभर आडव्या होत.

"विश्रांती का?" मी एकदा विचारले होते.

"चौकशी," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "गादी कुठे टोचते ते गादीलाच विचारावं लागतं."

मधल्या खोलीत भिंतीवर एक लांबलचक खुंटाळे होते, बारा खुंट्यांचे. प्रत्येकाची एक खुंटी, खुंटीला एक पिशवी, पिशवीत ज्याचे त्याचे: पंचा, चमचा, चष्मा, औषधाची बाटली, असल्यास दात. खुंटाळे इतके खाली ठोकलेले होते की पाहुण्याचा गुडघा त्यावर आपटे. पण खाटेवर बसल्याबसल्या हात पोचला पाहिजे, हा नियम. स्वतःची वस्तू दुसऱ्याकडे मागावी लागली की माणूस म्हातारा होतो, असे सिस्टर म्हणत. माणसे अकरा होती. बाराव्या खुंटीवर सिस्टरांची छत्री असे.

दाराजवळ एक पाटी होती. तिच्यावर खडूने घरचे नियम लिहिलेले. आंघोळीचे पाणी कोपराने पाहावे. नखे सोमवारी. खुंटी ज्याच्या त्याच्या हाताशी. हाक नावाने मारावी, 'ए आजोबा' म्हणू नये. रडणाऱ्याला गप्प करू नये, शेजारी बसावे. दाराला बाहेरून कडी नको.

या शेवटच्या नियमाला कारण होते. इस्पितळात असताना त्यांच्या वॉर्डात एक म्हातारी बाई आणली गेली. कुठल्याशा घरात अशाच निराधार माणसांना ठेवून घेत, तिथून ती आली होती. बाईच्या घोट्यांवर चिंधीचे वळ होते. खाटेला बांधून, बाहेरून कडी घालून त्या घरातले लोक आपापल्या कामाला जात. ती बाई इस्पितळातही दार लोटले की ओरडे. सिस्टरांनी विचारले होते, त्या घराला परवाना कोणी दिला? उत्तर मिळाले, असल्या घराला परवाना लागतच नाही.

"व्हिक्टोरिया गाडीच्या घोड्याला तपासून बिल्ला देतात," त्या मला म्हणाल्या. "म्हातारं माणूस कोणीही ठेवावं, कसंही ठेवावं. मी नाही तशी ठेवणार. मला तपासा म्हणावं."

म्हणून त्या आपण होऊन परवाना मागायला गेल्या. सगळी वाडी हसली. ज्याला परवाना लागत नाही त्याने तो मागायला जावे, हे गिरगावात कोणी ऐकले नव्हते.

नियम इंग्रजीत. ते वाचून दाखवायला त्यांनी मला धरले. वाचनालय बंद करून मी खाली जाई, त्या वाल सोलत बसत आणि मी एकेक कलम मराठीत सांगे. अर्जात तीन रकाने होते: खाणावळ, लॉजिंग, नर्सिंग होम.

"खाणावळ लिहू?"

"खाणावळीतला माणूस जेवून घरी जातो. हे कुठे जातील?"

"मग लॉजिंग. पण त्यात प्रत्येकाची येण्याची तारीख आणि जाण्याची तारीख द्यावी लागते."

वालाचे साल हातात तसेच राहिले. "जाण्याची तारीख," त्या म्हणाल्या. "ती त्यांनाच विचारू या का म्युनिसिपालिटीला?"

"नर्सिंग होमला प्रत्येकाच्या आजाराचं नाव लागतं."

आत खाटेवर हिराबाई बसल्या होत्या. वरळीच्या कोळीवाड्यातल्या, टोपली डोक्यावर घेऊन सारी मुंबई पायी हिंडलेल्या. मुलगा समुद्रात गेला, सून माहेरी गेली.

"हिराबाई," सिस्टरांनी आवाज दिला, "तुम्हाला आजार काय लिहायचा?"

"माना?" हिराबाई म्हणाल्या. "माना आजार नाय. माना कोन नाय."

मी रकाना कोरा ठेवला. तिन्ही कोरे ठेवले आणि खाली मराठीत लिहिले: अकरा वृद्ध माणसांचे घर, कृपया तपासून परवाना द्यावा. हा अर्ज वॉर्ड ऑफिसात गेला आणि पुढची दोन वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. सिस्टर दर महिन्याला छत्री घेऊन जात. कारकून त्यांना पाहून उठून उभा राहू लागला, पण अर्ज बसूनच होता.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षे. वाडीत रोज सभा, पहाटे प्रभातफेरी, जिन्यावर सुकत घातलेले कापडी फलक. आमच्या वाडीची आघाडी नानांकडे. नाना छापखान्यात खिळे जुळवीत आणि बाकी वेळ माणसे जुळवीत. आवाज असा, की ते कुजबुजले तरी दोन मजले ऐकत.

अशात वॉर्ड ऑफिसात मेहता नावाचे नवे अधिकारी आले. त्यांनी तुंबलेले कागद उपसले आणि सिस्टरांचा अर्ज वाचून योग्य तेच विचारले: परवाना नाही, तर दोन वर्षे हे घर चालले कसे? तपासणीची नोटीस आली. तपासणीत उतरले तर परवाना, नाहीतर घर बंद आणि माणसांची रवानगी भिकाऱ्यांच्या सरकारी घरात.

"कशाला गेलात तिथं?" नाना म्हणाले. "झोपलेला साप."

"साप नाही, तपासनीस आहे," सिस्टर म्हणाल्या. "येऊ दे."

तीन दिवस घर धुतले जात होते. आणि नेमक्या दिवशी घडले ते असे.

अकरा माणसांत सखाराम होते. लालबागच्या एका मिलमध्ये सांचेखात्यात, जिथे कापड विणतात तिथे, जॉबर म्हणजे मुकादम होते. त्यांच्या हाताखाली शंभर साचे, म्हणजे माग, चालत. बायको गेली, खोली पुतण्याने घेतली, खोकला तेवढा बरोबर राहिला. सांचेखात्यात कानठळ्या बसवणारा आवाज, त्यामुळे तिथली माणसे हातांच्या खुणांनी बोलतात. सखारामांचे हात म्हातारपणीही गप्प बसत नसत. भाजीत मीठ कमी आहे हे ते दोन बोटांनी सांगत.

मेहता आले. पांढरी पँट, डोक्यावर सोला हॅट, बगलेत फाइल. सिस्टर त्यांना पुढच्या खोलीत पाटीवरचे नियम दाखवत होत्या, मी शेजारी उभा. मधल्या खोलीच्या झरोक्यातून सखारामांना ती हॅट दिसली. आम्ही आत गेलो तेव्हा खोलीत चार माणसे होती. दोन अंथरुणाला खिळलेली, एक गाढ झोपलेले, आणि हिराबाई.

सिस्टरांनी छातीवरचे घड्याळ उगाच एकदा पाहिले. "बाकीची माणसं?"

"ग्येली," हिराबाई म्हणाल्या. "सखारामानं हात केला नि ग्येली. मी नाय ग्येली. माना हॅटचा भ्याव नाय."

मला शोधायला धाडले. वाडीच्या टोकाला दत्ताच्या देवळामागे सातही जण भिंतीला पाठ लावून ओळीने बसले होते, श्वास रोखून, अगदी खुशीत. सखारामांनी मला पाहताच बोट ओठावर ठेवले आणि हातानेच विचारले, गेला का? मी मोठ्याने सांगू लागलो तर त्यांनी माझा हात धरून मलाही खाली बसवले. त्यांना समजावून घरी आणीपर्यंत मेहता निघून गेले होते. फाइलीत शेरा लिहून: अर्जात अकरा, प्रत्यक्षात चार, माहिती खोटी. आठ दिवसांनी ऑफिसात सुनावणी, नंतर घर बंद.

सखारामांनी दोन दिवस अन्न घेतले नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हात पहिल्यांदाच गप्प होते.

"शिस्टर, मला बाहेर काढा," ते म्हणाले. "माझ्यापायी सगळ्यांचं घर जातंय."

सिस्टर खाटेच्या कडेवर बसल्या. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. पेजेची वाटी त्यांच्या हातात दिली. "जायचं असेल तर जा. माझ्या दाराला कडी नाही. पण पेज पिऊन जा, गार होतेय."

सखाराम पेज प्याले. गेले नाहीत.

त्या संध्याकाळी नाना आले, पाठीमागे चारजण.

"सिस्टर, आपण मोर्चा नेऊ. साहेब गुजराती आहे, मराठी माणसाच्या घरावर उठलाय. उद्याच्या सभेत नावच घेतो."

"नाना," सिस्टर म्हणाल्या, "साहेब मराठी असता तर त्याला अकरा दिसली असती का?"

नानांनी मागच्या चौघांकडे पाहिले.

"त्यानं मोजलं, चार भरले, चार लिहिले. तसाच माणूस मला हवा होता. तुमची पोरं मात्र मला द्या. दोन खुर्च्या उचलायच्या आहेत."

आठव्या दिवशी सकाळी वाडीतून जी मिरवणूक निघाली तिच्यासारखी दुसरी मी पाहिली नाही. पुढे सिस्टर, छत्री घेऊन. मागे खुर्च्यांवर दोन आजारी माणसे, नानांच्या कार्यकर्त्यांच्या खांद्यांवर. त्यामागे दोन व्हिक्टोरिया, त्यांत दाटीवाटीने बाकीची. आणि सगळ्यांत मागे सखाराम, पायी, खांद्यावर बारा खुंट्यांचे ते खुंटाळे, पिशव्यांसकट. कुणी त्याला हात लावू म्हटले तर देत नव्हते. कार्यकर्त्यांना सवयीने घोषणा सुचत होत्या. सिस्टरांनी सक्त मनाई केली होती. "ओरडायचं नाही. खुर्चीतली माणसं दचकतात."

वॉर्ड ऑफिसच्या फाटकाशी शिपायाने हात आडवा केला. त्या दिवसांत चारच्या वर माणसे एकत्र आली की पोलीस सावध होत.

"मोर्चा कसला?"

"मोर्चा न्हाय," सखाराम मागून म्हणाले. "हजेरी हाय."

मेहतांच्या खोलीत आम्ही मावेना. बाके आणली गेली. त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मोजत होते, हे त्यांच्या ओठांवरून कळत होते.

"अकरा," ते म्हणाले. गिरगावातच वाढलेले, मराठी साफ होते त्यांचे. "आज अकरा आहेत. पण बाई, त्या दिवशी चार होती. आज ही माणसं तुम्ही कुठून गोळा केलीत, हे मला कसं कळावं?"

प्रश्न चोख होता. मी लिहून नेलेल्या चार पानांत त्याचे उत्तर नव्हते. सिस्टर काही बोलणार तेवढ्यात सखारामांनी खुंटाळे खाली ठेवले आणि पुढे आले.

"साहेब, ती मी नेली. मिलमध्ये इन्स्पेक्टर आला की पटावर नसलेली, जादाची माणसं मागल्या दारानं काढायची. जॉबर होतो, जल्म त्यातच गेला. तुमची टोपी बघितली न् हात आपसूक उठला." ते थांबले. खोकला गिळला. "मला वाटलं, आम्ही जादाचीच माणसं."

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सखाराम, इथे कोणी जादा नाही. हजेरी घ्या."

सखाराम ताठ झाले. कागद न घेता, सांचेखात्यातल्या आवाजात, एकेक नाव त्यांनी पुकारले. जो तो "हजर" म्हणाला. खुर्चीतल्या एका बाईंना बोलता येत नव्हते, त्यांनी बोट वर केले. शेवटी सखारामांनी स्वतःचे नाव पुकारले आणि स्वतःच हजेरी दिली.

मेहता उठले. खुंटाळ्यापाशी आले आणि मधलीच एक पिशवी उचलली. "ही कोणाची?"

"माजी," हिराबाई म्हणाल्या. "आत हात नको घालू, बाबा. दात हायत."

मेहतांचा हात थबकला. कारकून फाइलीआड हसला. मेहतांनी दुसरी पिशवी घेतली, बाटली काढली. औषध कोणाचे, कशावर, कितीदा? उत्तर सिस्टरांनी दिले नाही. बाटलीच्या मालकाने दिले. तिसरी, चौथी, सगळ्या अकरा पिशव्या त्यांनी पाहिल्या. इतका चिवट माणूस मी पाहिला नाही, आणि सिस्टरांच्या चेहऱ्यावर इतके समाधानही नाही. दोन वर्षांनी कोणीतरी त्यांना नीट तपासत होते.

तेवढ्यात अकरा वाजले. सिस्टरांनी छातीवरचे घड्याळ पाहिले, डबा उघडला आणि तिथेच पेजेच्या वाट्या भरायला सुरुवात केली. "माफ करा साहेब, आमची वेळ झाली."

मेहतांनी फाइल मिटून वाट्यांना टेबलावर जागा करून दिली. मग हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या त्या पाटीवरचे नियम मला लिहून द्याल? तुमच्यासाठी रकाना नाही. नवा आखायचा तर त्यात घालायला मला काहीतरी हवं."

मी खिशातून कागद काढला. चार पानांपैकी तेवढे एकच कामास आले.

पुढे काही महिने गेले. चौकशा, सह्या, वरच्या ऑफिसची मंजुरी. आणि मग त्या वसंतात मुंबईसह राज्य मिळाले. वाडीत कंदील लागले, प्रत्येक दारात रांगोळी, नानांचा आवाज पार बसलेला. त्याच आठवड्यात एका दुपारी वॉर्ड ऑफिसचा शिपाई लिफाफा घेऊन आला. वरच नव्या रकान्याचे नाव होते: वृद्धांचे निवासगृह. खाली अटी, आणि त्या अटी ओळखीच्या होत्या. पाणी, नखे, नावाने हाक. सातव्या कलमात तर असे होते, की प्रत्येक वृद्धास स्वतःच्या वस्तूंसाठी खाटेवरून हात पोचेल अशी खुंटी असावी. म्हणजे यापुढे या वॉर्डात जो कोणी असे घर काढील, त्याला खुंटाळे ठोकावे लागणार होते.

वाडीने जल्लोष केला. सखारामांनी दोन्ही हातांनी सांचेखात्यातली अशी काही खूण केली, की तिचा अर्थ त्यांनी आम्हाला कधीच सांगितला नाही. नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, आम्हाला मुंबई मिळाली, तुम्हाला परवाना."

सिस्टर मला कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावत होत्या. दोनदा ऐकले आणि उठल्या. बाराव्या खुंटीवरची छत्री घेतली.

"कुठे निघालात? परवाना आलाय."

"एक अट राहिलीय," त्या म्हणाल्या.

अटी कमी करा म्हणून लोक येतात. वाढवा म्हणून आलेली ही पहिलीच बाई, असे मेहता म्हणाले म्हणे. त्यांनी पेन उघडले आणि परवान्याच्या तळाशी हाताने लिहिले: दारास बाहेरून कडी असता कामा नये. खाली तिरपी सही केली. तीच ती शाईची ओळ. पुढच्या वर्षी ती छापून आली.

आता शेवटचे. सखाराम गेले, हिराबाई गेल्या, त्यांच्या खुंट्यांवर दुसऱ्या पिशव्या आल्या. मी दादरला राहायला गेलो. सिस्टर थकल्या तेव्हा त्यांनी घर एका शिकलेल्या नर्सबाईंच्या हाती दिले आणि स्वतः मधल्या खोलीत खाट घेतली. आधी तिच्यावर तासभर आडव्या होऊन, चौकशी करून. गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो तो नेमका वार्षिक तपासणीचा दिवस होता. वॉर्ड ऑफिसातून आलेली तरुण मुलगी खाटांमधून हिंडत पिशव्या पाहत होती. कलम सात, ती पुटपुटली. ते कलम कोणाचे, हे तिला ठाऊक नव्हते आणि कोणी सांगितलेही नाही.

तिने वहीत आकडा घातला आणि नर्सबाईंना विचारले, "अकरा ना?"

"बारा," दाराजवळच्या खाटेवरून आवाज आला. आवाज बारीक झाला होता, पण डळमळत नव्हता. "मला धरलं नाहीत."

मुलगी वळली. "तुम्ही इथल्या मोठ्या सिस्टर ना? मला वाटलं—"

"बाराव्या खुंटीवर पाहा."

तिथे छत्री नव्हती. पिशवी होती. मुलीने ती उघडून पाहिली: पंचा, चमचा, चष्मा, आणि ते पिनेचे घड्याळ. तिने आकडा खोडला, नवा घातला, नर्सबाईंना विचारून नाव वहीत लिहिले आणि ते पुकारले. सिस्टरांनी उशीवरून हात उचलला, अगदी कोपरापासून, आणि म्हणाल्या, "हजर."

मग ती मुलगी बाहेर गेली आणि तिने दाराच्या बाहेरच्या अंगाला हात फिरवून पाहिला. कडी नव्हती. तिच्या जागी लांबी भरून बुजवलेली चार जुनी भोके होती. तिने त्या चारांवरून बोट फिरवले आणि वहीत बरोबरची खूण केली. सिस्टर मान उचलून ते पाहत होत्या. खूण झाल्यावरच त्यांनी डोके पुन्हा उशीवर टेकले.